चीनमध्ये घर मांडताना: पोलीस नोंदणीपासून साबुदाण्यापर्यंत

चिंचबन (शांघाय)
चीनमध्ये नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी मंडळींचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात, म्हणून हा धागा. आठ दिवसांच्या सहलीची माहिती कुठेही मिळते. इथे वर्ष-दोन वर्षं संसार मांडणाऱ्यांपुरतं बोलू. कृपया नेमकं लिहा: काय करायचं, कुठे अडतं, का अडतं.

सुरुवात मी करतो. इथली कामं एकेकटी अवघड नाहीत, पण क्रम चुकला की सगळी एकमेकांत अडकतात.

पहिलं काम पोलीस नोंदणी. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले ती करतात. भाड्याच्या घरात किंवा मित्राकडे उतरलात तर २४ तासांच्या आत त्या भागाच्या 'फाइछूस्वो'त, म्हणजे पोलीस चौकीत, स्वतः नोंद करायची. बऱ्याच शहरांत ती ऑनलाइनही होते. लागतं काय: पासपोर्ट, व्हिसाचं आणि प्रवेशाच्या शिक्क्याचं पान, भाडेकरार, घरमालकाच्या ओळखपत्राची प्रत आणि घराच्या मालकीपत्राची प्रत. शेवटच्या दोन गोष्टी मालकाकडून करारावर सही करतानाच घ्याव्यात, नंतर तो फोन उचलेलच असं नाही. नोंदणी राहिली तर ताकीद किंवा २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो, पण खरी अडचण पुढे येते: त्या नोंदणीच्या कागदाशिवाय निवास परवान्याचा अर्ज घेत नाहीत. घर बदललं की नोंदणी पुन्हा. नवा व्हिसा किंवा नवा पासपोर्ट आला की तेव्हाही पुन्हा.

दुसरं, झेड व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आत आल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज जायला हवा. त्याआधी वैद्यकीय तपासणी आणि कामाचा परवाना. तपासणीला उपाशीपोटी जायचं, कारण रक्त घेतात आणि पोटाची सोनोग्राफी असते. निवास परवान्यासाठी पासपोर्ट जमा केला की तो पंधरा दिवसांपर्यंत परत येत नाही. त्या काळात मिळालेल्या पावतीवर रेल्वेचं तिकीट आणि हॉटेल मिळतं, बँकेचं काम मात्र सहसा होत नाही. म्हणून सिमकार्ड आणि बँक ही दोन्ही कामं पासपोर्ट हातात असतानाच करून पाहावीत. काही शाखा निवास परवान्याशिवाय खातं उघडत नाहीत. तसं झालं तर परवाना मिळेपर्यंत भारतीय कार्डावर चालवायचं.

माजघर (सूचौ)
उत्तम सुरुवात. कागदपत्रांबद्दल भारतातूनच करून यायची एक गोष्ट. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपोस्टिलच्या, म्हणजे कागदपत्रं एकाच शिक्क्यावर परदेशात मान्य करण्याच्या, आंतरराष्ट्रीय करारात आला, त्यामुळे अनेक एजंट 'आता नुसतं ॲपोस्टिल पुरतं' असं सांगतात. भारत आणि चीन यांच्यात तो करार लागू नाही. पदवी आणि विवाह प्रमाणपत्र आधी राज्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी चिनी वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं.

आपल्याकडच्या बायकांची पदवी माहेरच्या नावाने असते आणि पासपोर्ट सासरच्या. आपल्यात आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, त्यामुळे चिनी अधिकाऱ्याला कागदावर दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं स्पष्ट असतील तर निभावतं. नसतील तर नावबदलाचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जोडून तेही प्रमाणित करून आणा. इथे आल्यावर हे दुरुस्त करायला परत भारताचीच वाट धरावी लागते.

वेशीबाहेर (पेइचिंग)
नावाचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण पहिल्या महिन्यातल्या निम्म्या अडचणी नावाच्या असतात.

इथे फोन नंबर, बँक खातं आणि पैशांचं ॲप ही तिन्ही एकाच खऱ्या नावाला बांधलेली असतात. ॲप बँकेला विचारतं: हा पासपोर्ट क्रमांक, हे नाव, हा फोन नंबर, जुळतंय का? एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी उत्तर 'नाही' येतं, आणि का नाही ते ॲप सांगत नाही. चिनी नावं दोन-तीन अक्षरांची, त्यांना हा प्रश्नच येत नाही. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव मिळून पंचवीस-तीस रोमन अक्षरं होतात. कोणी आडनाव आधी टाकतो, कोणी शेवटी, कोणी सगळं जोडून लिहितो.

उपाय असा:
१. फोन कंपनीच्या मोठ्या शाखेत जा. छोट्या दुकानात पासपोर्टवर सिम देत नाहीत. नाव नोंदवल्यावर पडद्यावर ते कसं दिसतंय त्याचा फोटो मागा.
२. बँकेत तोच फोटो दाखवा आणि हुबेहूब तसंच टाकायला सांगा: क्रम, मोकळ्या जागा, सगळी मोठी अक्षरं.
३. खातं उघडल्यावर नोंदीची छापील प्रत घ्या. अलीपे किंवा वेइशिन (वीचॅट) या ॲपमध्ये नाव भरताना पासपोर्ट समोर ठेवू नका, ती छापील प्रत ठेवा. लोक इथेच चुकतात. ॲप पासपोर्टाशी नाही, बँकेच्या नोंदीशी ताडून पाहतं.
४. पासपोर्टचं नूतनीकरण झालं की क्रमांक बदलतो. त्याच आठवड्यात फोन, बँक, ॲप याच क्रमाने बदल करा. जुना पासपोर्ट जपून ठेवा, बँक दोन्ही मागते.

ज्यांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांनी निघण्यापूर्वीच तो दुरुस्त करून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

गवतीचहा (नवीन सभासद)
सगळ्यांचे आभार. पुढच्या महिन्यात शांघायला येत आहोत. तीन प्रश्न: भारतीय कार्ड तिथल्या ॲपला जोडलं तर चालतं का? व्हॉट्सॲपचं काय? आणि घरात चतुर्थी-एकादशी असते, साबुदाणा सोबत आणावा की तिथे मिळतो?

चिंचबन (शांघाय)
कार्ड चालतं. व्हिसा किंवा मास्टरकार्ड आणा, रुपेवर विसंबू नका. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. अलीपेला परदेशी कार्ड जोडल्यावर २०० युआनपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागतं. अशा कार्डावरून दुकानात पैसे देता येतात, पण माणसाला पाठवता येत नाहीत आणि लाल पाकीट, म्हणजे आहेराचे पैसे, हेही देता येत नाहीत. म्हणजे जेवणाचं बिल वाटून घेताना अडतं. त्यासाठी चिनी खातंच हवं.

व्हॉट्सॲप, गूगल, फेसबुक इथल्या नेटवर चालत नाहीत. भारतीय सिम रोमिंगवर असेल तर त्याचा डेटा मूळ कंपनीमार्फत जातो, म्हणून त्यावर चालतात. भारतीय नंबर कसाही करून जिवंत ठेवा, कारण तिकडच्या बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. घरच्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर वेइशिन निघण्याआधीच घालून ठेवा. नवं खातं उघडताना पुष्कळदा जुन्या सभासदाला कोड स्कॅन करून खात्री द्यावी लागते, तो सभासद आधी शोधून ठेवा.

साबुदाण्याचं उत्तर स्वयंपाकघरवाल्यांनी द्यावं.

तिरफळ (क्वांगचौ)
साबुदाण्यावर येतेच, आधी बाजार.

भाजीबाजारात भाव किलोचा नसतो, 'चिन'चा असतो. एक चिन म्हणजे ५०० ग्रॅम. पाटीवर ६ लिहिलं असेल तर किलोला १२ पडतात. बोटांच्या खुणाही शिकून घ्या: अंगठा आणि करंगळी वर म्हणजे ६, अंगठा आणि तर्जनी वर म्हणजे ८. आपण तिला २ समजतो आणि घोळ होतो.

मुगाची डाळ कुठेही मिळते, सोललेले मूग मागायचे: 'थ्वोफी ल्यूतोउ'. त्यांच्या मुगाच्या वड्यांना तीच लागते. तूर 'मूतोउ' या नावाने ऑनलाइन शोधावी लागते. बेसन 'यिंगत्स्वेइतोउ फन'. शेंगदाणे भरपूर आणि उत्तम. दही घेताना पाकिटावर साखर नसल्याचं पाहून घ्या, साधं दिसणारं दहीही गोड असतं. बिनसाखरेचं एकदा मिळालं की त्याचं विरजण घरी चालतं.

ज्वारी तर इथलीच आहे. 'कावल्यांग' म्हणजे ज्वारी. ईशान्येकडे आणि शानशी प्रांतात तिचं पीठ सर्रास मिळतं, बाकीकडे ऑनलाइन. पण दोन गोष्टी बघून घ्या. लालसर पीठ तुरट लागतं, तेव्हा पांढऱ्या दाण्याचं घ्या. आणि एक चिकट जात असते, तिचे गोड पदार्थ करतात. तिची भाकरी तव्याला चिकटते आणि उलटता येत नाही. साधं पीठ आलं तरी ते बहुधा जुनं असतं, विरी गेलेली असते. उकळत्या पाण्यात उकड काढून मळलं की भाकरी थापली जाते.

आता माझ्या आवडीची गोष्ट. बांगड्याच्या आमटीत आपण जे तिरफळ घालतो, त्याच्याच कुळातलं इथलं 'ह्वाच्याव'. दोन्हींत टरफल वापरायचं आणि आतली काळी बी काढून टाकायची, नाहीतर दाताखाली कचकच येते. हिरवं ह्वाच्याव घ्या, त्याचा वास लिंबाकडे झुकतो आणि तिरफळाच्या जास्त जवळ जातो. मात्र जीभ बधिर करण्यात ते पुढे आहे. जिथे आठ तिरफळं ठेचता तिथे ह्वाच्यावचे चार-पाच दाणे घालून चव बघा.

पिंपळपार (छंगतू)
शाकाहारी लोकांसाठी. 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही. 'रौ' हा शब्द नुसता वापरला तर त्याचा अर्थ डुकराचं मांस असाच घेतात. मग कोंबडीचा रस्सा, सुकी कोळंबी, कालवांचं सॉस हे सगळं त्यांच्या हिशेबात 'रौ' नाही. सांगायचं असं: 'वो छ्र सू', मी शाकाहारी आहे. त्यापुढे एकेक नाव घ्यायचं: रौमो म्हणजे खिमा नको, चूयौ म्हणजे डुकराची चरबी नको, हावयौ म्हणजे कालवांचं सॉस नको. हे चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवा आणि स्वयंपाक्यापर्यंत पोचवा. वाढणाऱ्याला सांगून उपयोग कमी.

नावावरून फसणारे पदार्थ: मापो तोफूत खिमा असतो, कोरड्या परतलेल्या घेवड्यातही बहुतेकदा असतो. 'माशाच्या वासाची' म्हणून लिहिलेल्या वांग्यात मासा नसतो, पण खिमा पुष्कळदा असतो. त्यातल्या त्यात बरे: तीसानश्येन, म्हणजे वांगं-बटाटा-ढोबळी मिरची; त्सूल्यू थूतोउस्, म्हणजे व्हिनेगर घालून परतलेला बटाट्याचा कीस; आणि फायह्वांगक्वा, ठेचलेल्या काकडीची कोशिंबीर. बौद्ध मंदिराजवळची शाकाहारी खानावळ सापडली तर सगळ्यात निर्धास्त. पक्क्या बौद्ध ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते.

जे गोमांस खात नाहीत त्यांच्यासाठी: 'छिंगचन' पाटीच्या मुस्लिम खानावळीत डुक्कर नसतं, पण नूडलचा रस्सा बहुधा गाईच्या हाडांचाच असतो.

वेशीबाहेर (पेइचिंग)
वरचे उच्चार वाचताना एक लक्षात ठेवा. रोमन लिपीतल्या चिनी शब्दांत जे बी, डी, जी दिसतात ते आपले ब, ड, ग नाहीत. ते प, त, क आहेत. आणि पी, टी, के म्हणजे फ, थ, ख, त्यातला फ ओठ मिटून, 'फळ' म्हणताना जुने लोक म्हणत तसा. चिनीत हा फरक श्वासाचा आहे आणि तो आपल्याला बाराखडीपासून येतो. युरोपातून आलेल्यांना त्यासाठी घाम गाळावा लागतो. म्हणून पहिली शंभर वाक्यं देवनागरीत लिहून पाठ करा. सूर मात्र वेगळे शिकावेच लागतात, तिथे देवनागरीची मदत होत नाही.

आकड्यांचंही तसंच. 'वान' म्हणजे दहा हजार. दहा वान म्हणजे एक लाख, हजार वान म्हणजे एक कोटी. आधी मिलियनमध्ये नेऊन मग परत आणण्यापेक्षा लाखातून हिशोब केलेला लवकर जमतो.

माजघर (सूचौ)
आहेराबद्दल लिहायलाच हवं, कारण इथे चांगल्या मनाने केलेली गोष्ट उलटी पडते. आपण ५०१, १००१ देतो, वरचा रुपया शुभ. चीनमध्ये लग्नाच्या लाल पाकिटात सम रक्कम हवी: ६००, ८००, १,०००. विषम रक्कम, आणि विशेषतः वर एक ठेवून दिलेली, दुखवट्याच्या पांढऱ्या पाकिटात असते. म्हणजे सहकाऱ्याच्या लग्नात १,००१ युआन गेले तर अर्थ भलताच होतो. ४ चा आकडा टाळा, २५० तर नकोच, ती तिथे शिवी आहे. नोटा कोऱ्या असाव्यात. किती द्यायचं ते ऑफिसातल्या बरोबरीच्या माणसाला विचारा. सगळे ठरवून तेवढंच देतात.

भेट म्हणून घड्याळ देऊ नका: 'घड्याळ देणं' आणि 'अंत्यसंस्काराला जाणं' यांचा उच्चार एकच. छत्रीचा उच्चार 'ताटातूट'सारखा. आणि भेट दिल्यावर समोरच उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, रीतच तशी.

पिंपळपार (छंगतू)
जेवणाच्या पंगतीत दारूचा आग्रह होतो. न पिणाऱ्यांनी पहिल्याच पेल्याला सांगावं: 'ई छा ताइ च्यू', दारूऐवजी चहा. ही जुनी मान्य रीत आहे आणि कोणी मोडता घालत नाही. एक पेला घेऊन मग नाही म्हटलं तर मात्र नकार अपमानासारखा लागतो. पेला भिडवताना आपला काठ वडीलधाऱ्याच्या काठापेक्षा खाली. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, ते मृतासमोरच्या उदबत्त्यांसारखं दिसतं.

'जेवलात का?' हा इथेही नमस्कारच आहे. 'हो, जेवलो, तुम्ही?' एवढं उत्तर पुरे.

चिंचबन (शांघाय)
बरोबर. वयस्कर मंडळींशी ओळख होताना महाराष्ट्राचा संदर्भ द्यायचा तर डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचा द्या. सोलापूरचा हा माणूस १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकातून आला आणि ९ डिसेंबर १९४२ ला इथेच गेला. चिनी नाव ख तीह्वा. शच्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात समाधी आहे. त्या नावाने समोरच्याचा चेहरा बदलतो.

घरांबद्दल थोडक्यात. भाडं बहुधा 'एक अनामत, तीन आगाऊ' या पद्धतीने, म्हणजे पहिल्या दिवशी चार महिन्यांची रक्कम तयार हवी, दलाली वेगळी. कंपनी भाडं भरून देणार असेल तर 'फाफ्याव', म्हणजे सरकारी कर-पावती लागते. मालक ती देणार आहे आणि तिचा कर कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. तोंडी 'हो'वर जाऊ नका. मजले तळापासून १ मोजतात, आपला दुसरा मजला तो त्यांचा तिसरा.

छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या उत्तरेला सरकारी उष्णता नळांतून येते, पेइचिंगला १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. दक्षिणेला ती सोय नाही. त्यामुळे शांघायच्या घरात जानेवारीत पेइचिंगच्या घरापेक्षा जास्त थंडी वाजते. घर बघताना खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का आणि एसी गरम हवा देतो का ते लावून पाहा. जूनच्या मध्यापासून महिनाभर इथे जो पाऊस असतो तो कोकणातल्यासारखा: कपाटात बुरशी, चामड्याला पांढरे डाग. आर्द्रता शोषणारं यंत्र जूनच्या आधी घ्या.

कचरा शांघायमध्ये जुलै २०१९ पासून चार प्रकारांत वेगळा टाकावा लागतो. ओला कचरा पिशवीतून ओतायचा, पिशवी सुक्यात. नारळाची करवंटी सुक्यात जाते.

वेशीबाहेर (पेइचिंग)
दवाखाना. सरकारी रुग्णालयात आधी 'क्वाहाव', म्हणजे विभाग निवडून नंबर घेणं, आणि त्याचे पैसे. मग डॉक्टर. ते तपासण्या लिहून देतात, त्यांचे पैसे आधी, मग तपासणी. अहवाल घेऊन परत त्याच डॉक्टरकडे, नवा नंबर न घेता. मग औषधांचे पैसे, मग औषधं. सकाळी गेलात तर हे सगळं त्याच दिवशी उरकतं, दुपारी गेलात तर पुष्कळदा दुसऱ्या दिवसावर जातं. मूळ पासपोर्ट सोबत हवा. रुग्णवाहिका १२०, पोलीस ११०, आग ११९. व्हिसा-परवान्याच्या शंकांसाठी १२३६७, तिथे इंग्रजीत बोलता येतं.

माजघर (सूचौ)
न्हाणीघराचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण सगळ्यांनाच पडतो. कमोडशेजारची पिचकारी इथे नसते. 'माथोंग फनछ्यांग' या नावाने ऑनलाइन मिळते, सोबत तीन तोंडांचा अँगल कॉक घ्या. आटे अर्ध्या इंचाचेच, आपल्यासारखे. आधी भिंतीतला कॉक बंद, मग टाकीची नळी सोडवायची, आट्यांवर टेप गुंडाळायची, तिहेरी कॉक बसवून एका तोंडाला टाकी आणि दुसऱ्याला पिचकारी. वापर झाल्यावर पिचकारीचा कॉक दर वेळी बंद करा. कायम दाब राहिला तर नळी फुटते आणि खालच्या घरात पाणी जातं. जुना कॉक जपून ठेवा, घर सोडताना परत बसवायचा असतो.

मिक्सर भारतातून आणाच. वीज २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तो बिनधोक चालतो. फक्त गोल पिनांचा प्लग काढून इथला चपट्या तीन पिनांचा बसवून घ्या. स्वस्त प्रवासी अडॅप्टरवर ७५० वॅटचा मिक्सर रोज चालवू नका, तो तापून वितळतो.

तिरफळ (क्वांगचौ)
गवतीचहा, तुमचा साबुदाणा. इथे 'शीमी' नावाने मिळतो आणि दिसतो अगदी तसाच, पण खिचडीला चालत नाही. आपल्याकडचा साबुदाणा करताना टॅपिओकाच्या गोळ्यांना उष्णता देतात, बाहेरचा स्टार्च अर्धवट शिजतो, म्हणून तो भिजल्यावर फुगतो आणि दाणा राहतो. शीमी बहुधा कच्च्या स्टार्चची असते. रात्री गार पाण्यात भिजवली तर सकाळी तळाला पांढरी लापशी मिळते. ती थेट उकळत्या पाण्यात टाकायची, मधे पांढरा ठिपका राहिला की आच बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवायची, मग गार पाण्याखाली धुवायची. खीर छान होते, खिचडी नाही. तेव्हा सहा महिन्यांचा साबुदाणा सोबत आणा, मूळ छापील पाकिटात, सुटा नको. शेंगदाणे मात्र आणू नका, ते इथले जास्त चांगले.

गवतीचहा (नवीन सभासद)
दोन किलो घेते. आणि विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव नाहीये, ते उद्याच कामाला लावते.